तीन चौकोन

सामायिक भिंतीचा दावा लावला तेव्हा भिंत ओली होती. आता भिंत वाळली, दावा मात्र अजून ओलाच आहे.

मध्यंतरी कुणीतरी मला कायदा दाखवला. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 17: दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत द्यायची नाही. 1 जुलै 2002 पासून लागू! मी हरखलोच. वहीत शेजाऱ्याचं नाव लिहिलं आणि खाली तीन चौकोन आखले.

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. "ही धरायची ना?" मी वकीलसाहेबांना विचारलं.

"छे हो! त्याने कुठे मागितली?"

दुसऱ्या तारखेला बोर्ड एवढा लांबला की आमचा पुकाराच झाला नाही. तिसरीला वकिलांचं काम बंद. चौकोन कोरेच. चौथ्या खेपेला समोरच्यांनी एकदाचा मुदतीचा अर्ज दिला. मी पेन उघडतोय, तोवर आमच्याच वकिलांनी त्यावर 'हरकत नाही' असं लिहून सही ठोकली. बाहेर येऊन म्हणाले, "अहो, उद्या आपल्यालाही लागेल."

असे तीन चौकोन भरायला किती काळ गेला, ते विचारू नका. चौथ्या अर्जाला मी दबा धरून बसलो. तेव्हा कळलं की, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगून ठेवलंय, तीनचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. भूकंप, त्सुनामी असं काही हाताबाहेरचं घडलं तर आणखी मुदत देता येते. शेजाऱ्याला ती साडूच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी मिळाली. त्सुनामीच्या पंगतीत साखरपुडा कसा बसला कोण जाणे. पण त्याच्या साडूला मी पाहिलंय. बसत असेल.

आणि परवा? साक्षीदार हजर, शेजारी हजर, न्यायाधीश हजर. आमचे वकील तेवढे दुसऱ्या कोर्टात. वकील दुसरीकडे गुंतलेत हे मुदतीचं कारणच होत नाही, हा नियम मला तोंडपाठ. समोरच्या वकिलांनाही असणारच, कारण मागच्या तारखेला कँटीनमध्ये मीच त्यांना तो मोठ्या तोऱ्यात ऐकवला होता. त्यांनी उठून तो अक्षरही न गाळता म्हणून दाखवला.

मुदत मिळाली, खर्च बसला. शेजाऱ्याने नोटा दोनदा मोजल्या. घरी येऊन वही उघडली, तर माझ्या नावाचा चौकोनच नव्हता. आखावा लागला.