धुमालची गाडी

परवा दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवताना 'जम्प ऑन द बँडवॅगन' आलं. त्यांच्या गाईडात अर्थ छापलाय, 'लोकप्रिय होणे'. साफ चूक! लोकप्रिय आधीच दुसरं काहीतरी झालेलं असतं. उडी मारणारा नुसता मागून चढतो. हे सांगतच होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हंजे धुमालची गाडी का?"

धुमाल म्हणजे आमच्याकडं वरातीत गाडीवरून वाजणारा बँड. पोरगं प्रत्येक वरातीत नाचणारं, पण गाईडवाल्यापेक्षा त्याला जास्त कळलं.

कारण बँडवॅगन म्हणजे खरंच वाजंत्र्यांची गाडी. अमेरिकेत सर्कस आली की रंगवलेल्या घोडागाडीवर बँड बसवून गावभर मिरवायचे, अन् पोरंसोरं मागं. सर्कसवाला पी. टी. बार्नम, त्याच्या 1855च्या आत्मचरित्रात हा शब्द सापडतो. पुढे राजकारणात शिरला, जिंकणाऱ्याच्या गाडीवर चढायला रीघ लागते तसा. म्हणून त्यात टोमणा आहे. कौतुक करायला हा शब्द सहसा कोणी वापरत नाही.

पोरांनी मराठी म्हण मागितली. 'जिकडे खोबरं तिकडे चांगभलं' सांगून मोकळा झालो, पण ते खटकत राहिलं. खोबरंवाला हिशेबी असतो. गाडीवर चढणाऱ्याला मात्र बरेचदा खोबऱ्याचा तुकडाही मिळत नाही. आपला खरा शब्द 'हवा'. "यंदा कोनाची हवा हाय?" हे पानठेल्यावर निवडणुकीआधी विचारतात, अन् मिरगाआधी बियाण्याबद्दलही.

मी स्वतः चढलोय. दोन वर्षांमागं सोयाबीनच्या एका वाणाची एवढी हवा, की कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांग. वाण उशिरा येणारा, भारी जमिनीचा. आमचं वावर बरड, वीतभर खाली मुरूम. बाबा म्हणाले, "आपल्या बरडावर नाई जमत हे." मी म्हटलं, "सारं गाव पेरून रायलं, बाबा."

शेंगा भरायच्या वेळेला पावसानं ताण दिला. शेंग दाबली की कागदासारखी चपटी, आत दाणा नावालाच. नाल्याकाठच्या काळ्या रानात शेजाऱ्याचं तेच वाण लदबदलेलं. बाबा धुऱ्यावर उभे राहून दोन्ही वावरं पाहत होते, बोलले काहीच नाहीत.

आज फळ्यावर वाक्यात उपयोग करून दाखवला. एका शेतकऱ्यानं गाव पेरतं म्हणून पेरलं, असं इंग्रजीत. मागचा बाक लगेच बोलला, "सर, थे तुमचंच वावर ना?"