समांतर रेषा क्षितिजावर मिळतात, हे अर्धंच खरं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवण्याची, एक झटपट कृती सर्रास सांगितली जाते: समांतर रेषा क्षितिजावर मिळतात, म्हणून कागदाच्या मधोमध आडवी रेषा मारा, तिच्या दोन टोकांना दोन बिंदू घ्या, सगळ्या कडा तिकडे न्या आणि रस्त्यावरचा प्रत्येक पुढचा खांब आधीच्याच्या निम्मा काढा. यातली प्रत्येक पायरी कुठे ना कुठे चुकते, आणि बोल मात्र मुलाच्या हाताला लागतो.

समांतर रेषा क्षितिजावर मिळतात? आडव्या असतील आणि कागदापासून दूर जात असतील, तरच. समोरच्या भिंतीच्या कडा कागदाला समांतर असतात. त्या चित्रातही समांतरच राहतात. खरा नियम असा: कागद डोळ्यासमोर उभा धरलाय असं समजा आणि डोळ्यातून त्या कडेला समांतर रेषा काढा. ती कागदाला जिथे छेदेल, तो त्या कडेचा लोपबिंदू. म्हणून दूर जाताना चढणारी छपराची कड क्षितिजाच्या वर मिळते आणि उतरणारी खाली, दोन्ही त्या कडेखालच्या भिंतीच्या आडव्या कडांच्या लोपबिंदूच्या उभ्या रेषेतच. हे न कळल्यामुळे कौलारू घराचं छप्पर पिळवटल्यासारखं दिसतं.

रेषा मधोमध का? ती डोळ्याची पातळी आहे, कागदाचा मध्य नाही. सपाट मैदानात उभं राहून काढलं, तर आपल्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर येतात, मग ती जवळ असोत की लांब. जमिनीवर बसून काढलं, तर तीच रेषा त्या सगळ्यांच्या कमरेखालून जाते.

आता सर्वांत मोठी चूक: दोन्ही बिंदू कागदातच बसवणं. खोक्याच्या कडांमध्ये काटकोन असतो, म्हणून डोळ्यापासून दोन लोपबिंदूंकडे जाणाऱ्या रेषांमध्येही काटकोनच हवा. त्यामुळे दोन बिंदूंमधलं अंतर डोळा ते कागद या अंतराच्या दुपटीहून कमी होऊच शकत नाही. चित्र ४० सेंमीवरून पाहायचं असेल आणि खोका कागदाशी ४५ अंशांत ठेवला असेल, तर बिंदू ८० सेंमी अंतरावर येतात. ३० आणि ६० अंशांत ठेवला, तर डोळ्यासमोरच्या बिंदूपासून एक सुमारे ६९ सेंमीवर, दुसरा २३ सेंमीवर. ए-फोर कागद आडवा धरला तरी २९.७ सेंमीच भरतो. बिंदू त्याच्या कडांवर घेतले, तर ते चित्र फार तर १५ सेंमीवरून पाहणाऱ्या डोळ्यासाठी होतं. तसं कोणी पाहत नाही.

बिघाड ओळखायला दहावीचं प्रमेय पुरतं: अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दोन बिंदूंमधलं अंतर व्यास धरून क्षितिजाखाली अर्धवर्तुळ काढा. खोक्याचा जवळचा खालचा कोपरा आत असेल, तर तिथला कोन ९० अंशांहून मोठा येतो आणि खोका नीट बसलेला दिसतो. कोपरा बाहेर गेला की कोन ९० अंशांहून लहान होतो आणि खोका चोचीसारखा पुढे येतो. उपाय सोपा आहे. कागद मोठ्या टेबलाला चिकटपट्टीने लावा, बिंदूंच्या जागी टेबलावर टाचणीऐवजी चिकटपट्टीनेच दोऱ्याचं टोक बसवा आणि दोरा ताणून कडांची दिशा घ्या.

खांब निम्मे होत नाहीत. चित्रातली उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. १० मीटरवरचा खांब १२ सेंमी आला, तर २० मीटरवरचा ६, ३० वरचा ४ आणि ४० वरचा ३ सेंमी. निम्मे करत गेलात, तर १२, ६, ३, दीड. म्हणजे तिसरा खांब थेट ४० मीटरवर जातो आणि चौथा ८० वर. समान अंतरासाठी पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा काढा. ती पायथ्यांच्या रेषेला जिथे मिळेल, तिथे तिसरा. पुढेही तसंच.

तांब्याचं तोंड आणि बूड सारख्याच चपट्या लंबवर्तुळांनी काढा, असंही सांगतात. बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असतं, त्यामुळे त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा अधिक उघडं, गोलसर काढावं लागतं. आणि दोन्हींच्या कडेला टोकं येऊ द्यायची नाहीत. तिथे वळण अरुंद होतं, पण तुटत नाही.