किडनी गोळीने जात नाही, वाढलेल्या साखरेने जाते

गणपतीपासून आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते. इन्शुलिन म्हणजे शेवट. गोळ्या सोडा, अनशापोटी सप्तरंगीच्या मुळाचा काढा घ्या. डोळे, पाय शाबूत राहतील." तो वाचून शेजारच्या वहिनींनी गोळ्या थांबवल्या, म्हणून हे लिहितोय.

आधी किडनीचं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि रक्तदाब किडनीतल्या बारीक गाळण्या खराब करतात. मेटफॉर्मिन हे साखरेचं नेहमीचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. किडनीचं काम फारच कमी झालं, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा) ३०च्या खाली गेला, की ते अंगात साचू नये म्हणून डॉक्टर बंद करतात. घरच्यांना मात्र वाटतं, गोळीनेच घात केला.

हे तपासून झालंय. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस हा अभ्यास सुरू झाला. मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले ५१०२ लोक त्यात होते. एका गटाला मुख्यतः पथ्य, दुसऱ्याला गोळ्या किंवा इन्शुलिन देऊन साखर जास्त काटेकोर ठेवली. गोळ्या किडनी खात असत्या तर दुसऱ्या गटाचे हाल व्हायला हवे होते. १९९८ साली निष्कर्ष आले ते उलटे: डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती त्या गटात २५ टक्के कमी. यात डोळ्यांचा वाटा मोठा होता, हेही सांगायला हवं. पुढे २०१९ साली क्रेडेन्स अभ्यासात, किडनी आधीच बिघडलेल्या ४४०१ मधुमेहींमध्ये, कॅनाग्लिफ्लोझिन या साखरेच्याच गोळीने किडनी निकामी होण्यासारखे गंभीर परिणाम ३० टक्क्यांनी घटवले.

किडनीची काळजी असेल तर गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आधी थांबवा. त्या खरंच किडनीला बाधतात.

इन्शुलिन शेवट नव्हे. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाची ताकद निदानाच्या वेळीच बरीच ओसरलेली असते, पुढे आणखी ओसरते. कमी पडतं ते बाहेरून द्यायचं, एवढंच.

सप्तरंगीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यातली काही द्रव्यं पिष्टाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या पाचकरसांना अडवतात, अकार्बोज ही गोळीही तेच करते. पण जेवणानंतरची साखर थोडी उतरणं वेगळं आणि दहा वर्षांनी नजर शाबूत असणं वेगळं. हे दुसरं काढ्याने होतं असं दाखवणारा मोठा, दीर्घ अभ्यास झालेला नाही. काढ्यातलं प्रमाणही मोजलेलं नसतं. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्यांच्या जोडीने साखर फार खाली जाऊ शकते.

आणि पाय. इथे मला राहवत नाही. आपण तरवा काढायला, लावणीला अनवाणी उतरतो, कातळावर तसेच चालतो. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की काटा रुतल्याचं कळत नाही. माझ्या काकांना कळलं तेव्हा चिखलातल्या काट्याची जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला. दुखत नव्हतं, म्हणून ते निर्धास्त होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना हेच ओळखलं होतं: वेदना नसली की पायाची राखण डोळ्यांनी करावी लागते. रोज रात्री तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. डॉक्टर नायलॉनचा १० ग्रॅमचा धागा टेकवून संवेदना तपासतात, ती तपासणी वर्षातून एकदा मागून घ्या. लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनीच्या गाळण्या बिघडल्या की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि थेंब घालून डोळ्यांच्या पडद्याचीही तशीच.

वहिनींनी कालपासून गोळी पुन्हा सुरू केली. लघवीचा नमुना त्या सोमवारी देणार आहेत.