ती मामासाठी रडली होती

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "असल्यांना भर चौकात फाशी द्या." मला या वाक्याची चीड येते. कारण त्यात अत्याचार करणारा नेहमी कुठून तरी बाहेरून आलेला राक्षस असतो.

माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत तो परळच्या चाळीत, त्यांच्याच खोलीत राहायचा. सख्खा मामा. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) १९८२च्या संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून हिची फी मामा भरायचा. राणीच्या बागेत न्यायचा, वह्यांना कव्हरं घालून द्यायचा. आणि रात्री सगळे ओळीने झोपले की तोच मामा.

तो वारला तेव्हा ही हमसून हमसून रडली. त्या रडण्याची लाज तिला अजून वाटते. "मला तो आवडायचा गं. मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीतही अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले होते. बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. २०१२ साली पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आला, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, सगळं हवंच. पण आपण तोंड उघडलं तर घरातली चूल विझेल, हे त्या वयातही कळतं.

याचे परिणाम भलत्याच ठिकाणी दिसतात. रागावलेल्या माणसाला ती घाबरत नाही, ऑफिसात साहेबाशी बिनधास्त भांडते. प्रेमाने वागणाऱ्याला घाबरते. नवऱ्याने गजरा आणला की हिच्या पोटात गोळा, आता याला काय हवंय? शिवाय तेव्हा शरीराने स्पर्शाला प्रतिसाद दिला असेल तर त्याचं ओझं वेगळंच. ती शरीराची प्रतिक्रिया असते, संमती नव्हे, हे कुणी सांगतच नाही.

आई अजून पितृपक्षात भावाचं पान वाढायला हिलाच बोलावते. आईला सांगून झालंय. "गेला बिचारा, आता कशाला उकरतेस?" त्या माउलीचीही अडचण मला समजते, पण राग यायचा तो येतोच.

हल्ली ती दादरला समुपदेशकाकडे जाते. माया होती आणि रागही आहे, दोन्ही खरं असू शकतं, हे तिला तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळालं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. सांगायलाच हवं, असं मलाही वाटत नाही.