एकतीस गाण्यांचा शुक्रवार

शुक्रवार, १९ एप्रिल २०२४. सकाळी साडेनऊला टेलर स्विफ्टचा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ हा अल्बम आला. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र, आपल्याकडे पोळ्या डब्यात भरायची वेळ. सोळा गाणी, पासष्ट मिनिटं. साडेनऊला इअरफोन घातले की दहा पस्तीसला माणूस मोकळा, अकराच्या चहापर्यंत मत तयार: ‘शब्द चांगले, चाली एकमेकींच्या सख्ख्या बहिणी.’ ते मत कुणाला पाठवावं, तोच साडेअकराला आणखी पंधरा गाणी. एकूण एकतीस, दोन तास दोन मिनिटं. पंगतीत मठ्ठा पिऊन झाला, हात वाळले, आणि आता वाढपी सांगतोय की तो पहिला भात होता.

आमच्या वयाच्या माणसानं नवे पॉप आणि रॅप अल्बम ऐकावेत अशी कोणाचीच अपेक्षा नसते. पण एकदा ‘मामा, ऐकलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की सुटका नाही. पुढचा प्रश्न ‘मग कसा वाटला?’ हा असतो आणि तिथे ‘छान’ चालत नाही. कितवं गाणं, बीट कुठे पालटते, कोणता पाहुणा गायक वाया गेला, हे सांगावं लागतं. तोंडी परीक्षाच, फक्त परीक्षक एकोणीस वर्षांचा आणि अभ्यासक्रम दर शुक्रवारी नवा. (शुक्रवारच का? जुलै २०१५ मध्ये जगभरच्या कंपन्यांनी एकच वार ठरवला. त्याआधी अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार असा कारभार होता.)

अल्बम एवढे लांबतात त्याचं कारण कलेत शोधायला जाऊ नये, ते आकडेमोडीत सापडतं. गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय या अ‍ॅपवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. अमेरिकेत खपाच्या याद्या लावणाऱ्या बिलबोर्डनं २०१८ साली हिशेब लावला की पैसे भरून ऐकणाऱ्यांच्या १,२५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला (२०२६ पासून हा आकडा हजारावर आला). २०१८ च्या त्या हिशेबावर पाटीपेन्सिल घ्या. बारा गाण्यांचा अल्बम असेल तर एक ‘विक्री’ व्हायला १०५ पारायणं लागायची. एकतीस गाण्यांचा असेल तर ४१ पारायणांत तेवढंच पुण्य पदरात. मग आखूड अल्बम कोण काढील?

रॅपवाल्यांना हे आधीच उमगलं होतं. ड्रेकच्या ‘स्कॉर्पियन’मध्ये (२०१८) पंचवीस गाणी. कान्ये वेस्टचा ‘डोंडा’ (२०२१) सत्तावीस गाण्यांचा आणि १०८ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला एक मणी ओढला तर माळ पुरी होते. त्यातली शेवटची चार गाणी आधीच्याच चार गाण्यांचे ‘भाग दोन’ आहेत. कालच्या भाजीत आज शेंगदाण्याचं कूट घातलंय, एवढाच फरक. दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या रॅपर जोडीनं २०२३ साली तीस गाणी दिली आणि त्याला नाव ठेवलं ‘लंच ब्रेक’. तीस गाणी बसतील एवढी मोठी जेवणाची सुट्टी म्हणजे या दोघांना सरकारी कचेरीचा दांडगा अनुभव असणार.

ऐकायला बसण्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात. त्या न पाहता दिलेलं मत कायद्यानं ग्राह्य धरू नये.

पहिली, शफल, म्हणजे गाणी पत्त्यांसारखी पिसून लावणं. २०२१ च्या नोव्हेंबरात अ‍ॅडेलचा ‘३०’ आला तेव्हा तिच्या म्हणण्यावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण साध्या क्रमानं वाजणारं केलं. तरी शफलचं छोटं चिन्ह आदल्या दिवशी चालू राहिलेलं असतंच. हिरवं दिसलं तर बंद करा. दुसरी, क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणं. हा आकडा शून्य ते बारा सेकंदांत असतो आणि तो शून्यावरच हवा. बियॉन्सेच्या ‘रेनेसान्स’मधली गाणी एकातून दुसरं ओतल्यासारखी जोडलेली आहेत. त्यावर आपण आपले आठ सेकंद चढवले तर तो जोड दोन ठिगळांचा होतो. तिसरी, ऑटोप्ले. हे चालू राहिलं तर अल्बम संपल्यावर त्याच्यासारखी दुसरी गाणी गुपचूप सुरू होतात आणि माणूस ‘शेवटचं गाणं सर्वात सरस’ असा निर्वाळा देऊन बसतो. ते गाणं भलत्याच बाईचं असतं.

चौथी गोष्ट ब्लूटूथची, आणि यात भले भले फसतात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून त्याच हेडफोनवर अल्बम ऐकू पाहाल, तर आवाज एकाएकी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल. माइक वापरात आला की हेडफोन संगीताची वाट सोडून फोनकॉलच्या वाटेला लागतो: एकच चॅनल, खालचा बेस गायब, वरची चमक गायब. अशा अवस्थेत कितीतरी कर्तबगार माणसांनी ‘प्रॉडक्शन कमजोर आहे’ असं मत नोंदवलेलं आहे. त्या प्रॉडक्शनचा काही दोष नव्हता. दोष तिमाही आढाव्याचा होता.

रॅप फोनच्या स्पीकरवर ऐकून नावं ठेवणारी माणसं तर वेगळ्याच जातीची. आजच्या रॅपचा खालचा ठोका ज्याला ‘८०८’ म्हणतात, तो रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ड्रम मशीनचा वारस. मशीन सुमारे बारा हजार नग खपून तीनेक वर्षांत बंद पडलं. आवाज अजून निवृत्त व्हायला तयार नाही. त्या ठोक्याचा मूळ स्वर पन्नास हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा नखाएवढा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली उतरतच नाही. मग उरतं काय? वरची हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरची झांज, तीही तिपटीत आणि चौपटीत कडकडणारी. म्हणजे पथकातले सगळे ढोल घरी पाठवले आणि लक्ष्मी रोडवर एकटा ताशेवाला चाललाय. शहाणे निर्माते यावर उपाय करतात. ८०८ मुद्दाम थोडा फाटका करतात, म्हणजे त्याचे वरचे स्वर फोनवर उमटतात आणि खालचा ठोका आपला मेंदू पदरचा भरतो. तरी साधे तारेचे इअरफोन घ्या. त्या ताशेवाल्याची दया येऊ द्या.

शब्द कळत नाहीत ही दुसरी तक्रार. पहिल्या ऐकण्यात कळायला हवेत असं कोणी सांगितलं? आधी सम धरावी. रॅपचं कडवं बहुधा सोळा बारचं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, एकूण चौसष्ट. तीनतालाची नेमकी चार आवर्तनं. मिनिटाला नव्वदच्या लयीत हे त्रेचाळीस सेकंदांत आटोपतं. ट्रॅप या रॅपच्या प्रकारात लय कागदावर एकशे चाळीस असते, पण टाळी तिसऱ्या मात्रेवर पडत असल्यामुळे मान सत्तरच्या चालीनं डोलते. हे एकदा मानेला समजलं की दुसऱ्या फेरीत शब्द समोर ठेवून ऐकावं आणि तिसऱ्यात मत द्यावं. पहिल्याच फेरीत शब्द वाचायला घेतले तर डोळे ओळीवर, कान पुढच्या कडव्यात आणि हाताशी ना हे ना ते.

या पद्धतीनं रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ ऐकावा. २२ नोव्हेंबर २०२४ ला काही न सांगता आला. बारा गाणी, चव्वेचाळीस मिनिटं. नाव १९८७ च्या ब्यूक गाडीचं, जी कंपनीनं ५४७ नगच बनवली. म्हणजे गाडीही आखूड यादीतली. सुरुवातीलाच डेरा बॅरेरा या ‘मारियाची’ नावाचं मेक्सिकन लोकसंगीत गाणाऱ्या बाईचा स्पॅनिश आवाज येतो आणि आपण चुकीचा अल्बम लावला की काय म्हणून माणूस फोन उचलून बघतो. बरोबरच असतो. ‘टीव्ही ऑफ’मध्ये निम्म्या वाटेवर बीट पालटते आणि केंड्रिक निर्मात्याच्या नावानं अशी आरोळी ठोकतो की शेजारच्या सीटवरच्यालाही ऐकू जावी: ‘मस्टाऽऽऽर्ड!’ निर्मात्याचं नाव मोहरी. तेल तापल्यावर मोहरी टाकायची आणि ती तडतडली की बाकीचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ती आरोळी नेमकी त्या क्षणी पडते म्हणून गाणं उभं राहतं. दोन बार आधी पडली असती तर कच्ची राहिली असती.

त्याच अल्बममधलं ‘रीइन्कार्नेटेड’ मात्र मांडी घालून ऐकण्याचं. टूपॅक या दिवंगत रॅपरच्या जुन्या बीटवर केंड्रिक आपले मागले जन्म सांगतो: एकदा गिटारवाला, एकदा गायिका. शेवटच्या कडव्यात तो बाप आणि लेक दोघांच्या बाजूनं बोलतो, आणि हा बाप वरचा आहे हे कळायला दोन फेऱ्या लागतात. एकाच तोंडानं दोन माणसं उभी करायची ही कला भारुडं ऐकलेल्या कानाला परकी नाही. उरलेल्यांत ‘पीकाबू’ मला भरताड वाटतं. तेच तेच विचारून उत्तर एकच, सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं. पण बारा गाण्यांत एक म्हणजे काही नाही.

(याच गृहस्थांच्या ‘डॅम’ या अल्बमला २०१८ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याआधी डिसेंबरात त्यांनी तीच चौदा गाणी उलट क्रमानं लावून पुन्हा प्रसिद्ध केली, आणि उलटीकडून ऐकलं तर गोष्ट खरोखर बदलते. म्हणजे एकाच अल्बमवर दोन मतं तयार ठेवा, एक उभ्यानं आणि एक शीर्षासनात.)

पॉपमध्येही चाळिशीतले अल्बम बरे निघतात, मिनिटांच्या चाळिशीतले. चार्ली एक्ससीएक्सचा ‘ब्रॅट’ एक्केचाळीस मिनिटांचा. होळीला शर्टावर बसला तर तिसऱ्या धुण्यालाही न जाणारा तो पोपटी रंग, त्यावर पुसटसा एक शब्द, बस. पहिल्या गाण्याची चाल शेवटच्या गाण्यात पुन्हा येते, पण यावेळी ती रात्रभर जागलेली असते. बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ दहा गाण्यांचा. त्यात ‘लामूर द मा व्ही’ हे गाणं अर्ध्यात संथपणा टाकून एकदम भरधाव सुटतं. पायावर चहा ठेवून ऐकू नये. या साऱ्यांची लांबी एलपीच्या दोन बाजूंएवढी, बाजूला बावीस मिनिटं. नव्वदच्या कॅसेटच्या एका अंगाला प्रत्येक अल्बम आरामात मावतो. टेलरबाईंच्या एकतीस गाण्यांना नव्वदची आख्खी कॅसेटही पुरत नाही.

लांब असूनही वेळ वसूल करणारा मला एक सापडला: बॅड बनीचा ‘देबी तिरार मास फोतोस’, सतरा गाणी, ५ जानेवारी २०२५ ला आला, तोही रविवारी. मुखपृष्ठावर केळीच्या झाडांपुढे दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पोर्तो रिकोतलं चित्र म्हणे. चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही परसात जा, याच खुर्च्या, हीच केळ, आणि जो उठून मुंबईला गेला त्याच्यासाठी तशीच रिकामी ठेवलेली. त्यातलं ‘बायले इनोल्विदाब्ले’ हे गाणं दीडएक मिनिट रेंगाळतं आणि मग आख्खा साल्सा बँड आत शिरतो. तिथे वाजवणारी पोरं एका संगीतशाळेची आहेत, आणि स्पॅनिशचा एक शब्द न कळता बोटं टेबलावर वाजू लागतात.

रॅपर टायलर द क्रिएटरचा ‘डोन्ट टॅप द ग्लास’ (जुलै २०२५, सोमवारी!) अठ्ठावीस मिनिटांतच संपतो, आणि पहिल्याच गाण्यात नियम वाचून दाखवतो: बसून राहायचं नाही, अंग हलवा. चर्चगेट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं टेकलेल्या माणसाला हा नियम मोडावाच लागतो. त्याच्या आधीच्या ‘क्रोमाकोपिया’त गाण्यांमध्ये त्याची आई बोलते, सल्ला देते, बजावते. ते मला अगदी घरगुती वाटलं. कानात काही घातलं की आईचा आवाज त्यातून आलाच पाहिजे.

घरात स्पीकरवर लावायचं असेल तर शीर्षकापुढचं इंग्रजी ‘ई’चं चौकोनी चिन्ह पाहून घ्या. ते असेल तर शिव्या आहेत. ‘क्लीन’ आवृत्ती मिळते, पण तीत शब्द कापून फक्त ठोका ठेवतात, त्यामुळे कडवं कसारा घाटातल्या फोनसारखं ऐकू येतं. वर प्रत्येक खड्ड्यात कोणता शब्द होता याचा विचार सारं घर मनातल्या मनात करतं. त्यापेक्षा मूळच लावा. आजीला बीट आवडते आणि बाकीचं तिला ऐकू जात नाही.

एवढं सगळं करून, तीन फेऱ्या पूर्ण करून, सोमवारी मत द्यावं. ‘ब्रॅट’चं मी तेच केलं: पंधरा गाणी, एकही जास्तीची नाही, असं लिहून पाठवलं. तारीख १० जून २०२४. त्याच दिवशी तिची दुसरी आवृत्ती आली, तिचं नावच मुळी असं की हा तोच अल्बम आहे, पण तीन गाणी जास्त आहेत म्हणून तोच नाही. उत्तर आलं: ‘मामा, तू जुना ऐकलायस.’