मेल स्पॅममध्ये का जातो, याचे उत्तर मजकुरात शोधू नका

गृहनिर्माण संस्थांचे सचिव, छोट्या न्यासांचे कार्यवाह, वाचनालये चालवणारी मंडळी यांच्याकडून गेली काही वर्षे एकच तक्रार माझ्याकडे येते आहे : सभासदांना पाठवलेला मेल स्पॅममध्ये जातो. त्यावर त्यांनी करून पाहिलेले उपायही ठरलेले असतात. विषयाच्या ओळीतून ‘तातडीचे’ हा शब्द काढलेला असतो, उद्गारचिन्हे गाळलेली असतात, ‘मोफत’ आणि ‘थकबाकी’ हे शब्द वर्ज्य केलेले असतात, आणि एवढ्यानेही भागले नाही की ‘कृपया स्पॅम फोल्डर तपासावे’ अशी सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली जाते. माझ्या मते हा शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी चाललेला असतो. मेल स्वीकारणारा सर्व्हर सर्वांत आधी तो खरोखर कोणी पाठवला आहे हे तपासतो, आणि त्या परीक्षेत नापास झालेल्या मेलची भाषा कितीही सोज्ज्वळ असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही.

मजकुरावर संशय घेण्याची सवय मात्र अगदीच निराधार नाही. २००२ साली प्रोग्रामर पॉल ग्रॅहॅम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली आणि ती झपाट्याने पसरली. स्पॅमअसॅसिनसारखी गाळणी आजही मेलमधल्या खुणांना गुण देते आणि बेरीज ५ झाली की, वेगळी मर्यादा ठरवली नसेल तर, मेल स्पॅम ठरवते. ‘हे शब्द टाळा’ असे जे तक्ते अजून फिरत असतात, ते त्या काळाचे अवशेष आहेत. स्पॅम पाठवणारे शब्द बदलायला केव्हाच शिकले. त्यांना सहज बदलता येत नाही अशी गोष्ट कोणती, हा प्रश्न पुढे आला आणि गाळणीचा भर प्रेषकाच्या ओळखीवर आला.

ही ओळख मुळात तपासलीच जात नव्हती, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोचवण्याच्या पद्धतीचे, जे नियम लिहिले, त्यांत पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याची सोय नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहून ते पेटीत टाकावे, तसाच हा प्रकार होता. त्यावर नंतर तीन ठिगळे लावली गेली. एसपीएफमध्ये डोमेनचा (पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या भागाचा) मालक जाहीर करतो की माझ्या नावाने अमुक सर्व्हरच मेल पाठवतील. डीकिममध्ये मेलवर डोमेनची डिजिटल सही असते. डीमार्क असे विचारते की, वाचणाऱ्याला ‘प्रेषक’ म्हणून जो पत्ता दिसतो, त्याच्या डोमेनशी त्या दोन तपासण्यांपैकी निदान एकीचे डोमेन जुळते का. हा तिसरा प्रश्नच सर्वाधिक मेलचा घात करतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेतो. देखभाल शुल्काची बिले आणि सभांच्या सूचना हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून जात असत. सभासदांना प्रेषक म्हणून संस्थेचा जीमेलचा पत्ता दिसे, पण मेल प्रत्यक्षात निघे तो सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून. कंपनीच्या डोमेनपुरते एसपीएफ उत्तीर्ण होते, डीकिमची सहीही कंपनीच्याच डोमेनची होती आणि ती बिनचूक होती. मात्र दिसणारा पत्ता जीमेलचा असल्याने दोहोंपैकी एकही त्याच्याशी जुळत नव्हते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर प्रत्येक सभासदापुढे ‘पाठवले’ अशी हिरवी खूण येत असे, आणि ती खरीही होती, कारण समोरच्या सर्व्हरने मेल नाकारलेला नव्हता, फक्त स्पॅममध्ये टाकलेला होता. जीमेलचा पत्ता लावून दुसऱ्याच सर्व्हरवरून मेल पाठवू नये, असे गूगलच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. संकेतस्थळांवरचे संपर्काचे अर्ज याच कारणाने बेपत्ता होतात : अर्ज भरणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लावला जातो आणि मेल मात्र संकेतस्थळ जिथे ठेवले आहे त्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून निघतो.

हे निदान करायला तज्ज्ञ लागत नाही. स्पॅममध्ये गेलेला मेल संगणकावर जीमेलमध्ये उघडावा, उजवीकडच्या तीन टिंबांमधून ‘शो ओरिजिनल’ निवडावे, की वरच्या तक्त्यात तिन्ही परीक्षांचे निकाल दिसतात. इतर ठिकाणी मेलच्या हेडरमधली (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीतली) ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ तेच सांगते. तिथे ‘फेल’ दिसत असताना मजकूर पुन्हापुन्हा घासूनपुसून लिहिणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. केवळ ‘पास’ वाचूनही थांबू नये. कोणत्या डोमेनसाठी पास, हे पाहावे. गूगल वर्कस्पेस (स्वतःच्या डोमेनवर मेल चालवण्याची गूगलची सेवा) घेतलेल्या संस्थांमध्ये स्वतःची डीकिम किल्ली बसवण्याचे राहून गेलेले असते. मग सही होते खरी, पण ती गूगलच्या ‘जीॲप्सएसएमटीपी’ या डोमेनची असते, आणि डीमार्कच्या दृष्टीने तिला किंमत नसते.

स्वतःचे डोमेन असलेल्यांची एक वेगळी गफलत असते. कार्यालयाचे मेल एका सेवेतून, बिले दुसरीतून, संकेतस्थळाचे मेल तिसरीतून, आणि प्रत्येक सेवेच्या मदत-पानावर ‘ही एसपीएफ नोंद टाका’ असे लिहिलेले. आज्ञाधारकपणे तीन नोंदी टाकल्या जातात. नियमाप्रमाणे एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असायला हवी. दोन झाल्या की तपासणी कायमच्या त्रुटीत निघते आणि आधी नीट चालणारे मेलही अडचणीत येतात. सगळ्या सेवांचे ‘इन्क्लूड’ (‘यांचे सर्व्हरही चालतील’ असे सांगणारे भाग) एकाच नोंदीत गुंफावे लागतात, आणि त्यातही ती नोंद तपासताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या जाहीर सूचीत, कराव्या लागणाऱ्या शोधांची मर्यादा १० आहे.

मजकुराची बाजू मी पूर्णपणे झटकत नाही. मराठीत मेल पाठवणाऱ्यांनी तर एक गोष्ट आवर्जून तपासावी. विषयाच्या ओळीतली देवनागरी अक्षरे ठरावीक पद्धतीने संकेतबद्ध करून पाठवायची असतात. जुनाट किंवा घाईत लिहिलेले प्रोग्राम ती तशीच कच्ची पाठवतात, आणि स्पॅमअसॅसिनमध्ये अशा विषय-ओळीला दंड करणारा नियम आहे. म्हणजे गुन्हा प्रोग्रामचा आणि आळ मराठीवर, असे होते.

ओळख पटल्यानंतर प्रश्न उरतो लौकिकाचा. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही व्यवस्था सक्तीच्या झाल्या, जाहिरातवजा मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय आवश्यक झाली, आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट आली. हे प्रमाण केवढे लहान आहे ते पाहा : दोनशे सभासदांपैकी एकानेच बिलावर चिडून ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबले, तरी ते अर्धा टक्का भरते. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या हौशी मंडळींना हे नियम म्हणजे मोठ्या कंपन्यांची दादागिरी वाटते. ती थोडीफार आहेही, कारण नवख्या सर्व्हरकडे आधी संशयाने पाहिले जाते आणि लौकिक हळूहळूच कमवावा लागतो. तरीही मी या नियमांच्या बाजूने आहे. बँकेच्या नावाने येणारी बनावट पत्रे सामान्य माणसाच्या इनबॉक्सपर्यंत पोचू न देण्याचा याहून बरा मार्ग मला दिसत नाही.

‘स्पॅम फोल्डर तपासा’ या सूचनेबद्दल माझे मत त्यामुळेच कठोर आहे. पाठवणाऱ्याचे काम ती सभासदाच्या गळ्यात घालते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये मेल कधी मिळाला असे मानायचे, याचे उत्तर आहे : संबंधिताने ठरवून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत तो शिरला की मिळाला. त्या व्यवस्थेतला फोल्डर कोणता, असा भेद कलमाच्या शब्दांत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेत वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते, आणि जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकते. सूचना न वाचलेला सभासद सभेला येत नाही, त्याच्या गैरहजेरीत ठराव होतो, आणि समिती हिरव्या खुणेवर बोट ठेवते. अशा वेळी कागदोपत्री बरोबर असणे मला पुरेसे वाटत नाही.

पुण्यातल्या त्या संस्थेत फुकटात झालेला बदल असा : प्रेषक म्हणून सॉफ्टवेअर कंपनीच्याच डोमेनचा पत्ता ठेवला, दिसणाऱ्या नावात संस्थेचे नाव घातले आणि उत्तरे संस्थेच्या पत्त्यावर येतील अशी ‘रिप्लाय-टू’ची सोय केली. अधिक पक्का मार्ग म्हणजे संस्थेचे स्वतःचे डोमेन घेणे, बिलांची सेवा त्या डोमेनने डीकिमची सही करते ना हे विचारणे, आणि डीमार्क सुरुवातीला ‘नन’ या सौम्य (न जुळणारे मेल अडवायला न सांगणाऱ्या) धोरणावर ठेवून आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते याचे अहवाल वाचणे. सही करता येत नाही असे सेवेने सांगितले, तर सेवा बदलावी.

एवढे करूनही काही सभासदांचे मेल चुकतच राहतात. त्यांनी बहुधा जुना पत्ता दिलेला असतो आणि तिथून मेल आपोआप जीमेलकडे वळवलेला असतो. असा वळवलेला मेल मधल्या सर्व्हरवरून येत असल्याने त्याचे एसपीएफ सहसा मोडते. डीकिमची सही मात्र मजकुरात फेरफार झाला नसेल तर टिकते. म्हणून सभासदांच्या माहितीच्या अर्जात ‘ई-मेल’ एवढाच रकाना न ठेवता, ज्या खात्यातले मेल आपण प्रत्यक्ष वाचता त्याचा पत्ता द्यावा, असे लिहावे.