सोसायटीची एनओसी लागतच नाही

‘शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सोसायटीने एनओसी दिली नाही, मग घरमालकाचाही नाइलाज झाला’ हे तुरुंगातून सुटलेल्यांना भाड्याचं घर मिळण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे, आणि ते वाचून आणखी चार कमिट्या तेच करतील. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं. सोबत नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) कराराची प्रत आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच जोडायची. ही पोच म्हणजे ‘चारित्र्याचा दाखला’ नव्हे. गोंधळ नेमका इथेच होतो: सेक्रेटरी ‘पोलिसांचं क्लिअरन्स आणा’ म्हणतात आणि मालक घाबरून टोकन (आगाऊ घेतलेले पैसे) परत करतो.

मग तो माणूस नोंदणीशिवाय, तोंडी बोलीवर कुठेतरी खोली घेतो. करार नाही म्हणून आधारवर जुनाच पत्ता, म्हणून बँकेचं केवायसी अडतं, पगार रोखीत. करार नोंदवायची जबाबदारी १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार मालकाची आहे, पण त्रास भोगतो भाडेकरूच. शेजाऱ्यांची भीती मी खोटी म्हणत नाही, लेकीबाळी असलेल्या घरात ती वाटणारच. पण ज्याचा पत्ता पोलीस ठाण्यात लेखी आहे त्याला हाकलून, ज्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही असा माणूस आपणच तयार करतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला, कैद्यांच्या खुल्या वसाहतीत, १९३९पासून कैदी बायकामुलांसह राहताहेत, शेती करताहेत, तेही शिक्षा संपायच्या आधी. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.